भोरड्यांनी आणलेला पिंपळ

हिवरखेड हे पाहायला जाण्याचं गाव नाही. डोंगर आहे तो लांबून दिसतो आणि बाजार सगळीकडे भरतो तसाच भरतो. मी तिथे एक झाड पाहायला गेले होते. जाऊन-येऊन पाच दिवस लागले. काय पाहिलं असं कोणी विचारलं की मी सांगते, पाखरं पाहिली. ते खरं आहे, पण तेवढंच नाही. बाकीचं इथे लिहिते. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं आहे, म्हणून जसं घडलं तसंच लिहिता येतं.

निघण्याआधी

आमचं गाव भातकुलीकडचं. या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. जमीन काळी, कपाशी चांगली, पण विहिरींचं पाणी खारं. तुरीची डाळ सकाळपासून चुलीवर ठेवा, संध्याकाळी दाणा वेगळा आणि पाणी वेगळं. गावात गोड पाण्याची एकच विहीर होती आणि तिच्यावर आम्हाला चढू देत नसत. आम्ही खाली घडा ठेवून बसायचो. कोणी ओतलं तर ओतलं.

आम्ही धर्म बदलला, त्यानंतरच्या उन्हाळ्यात वस्तीने स्वतःची विहीर खोदली. पाणी गोड लागलं. का लागलं ते कोणालाच सांगता आलं नाही. शेजारच्या वावरात वीस हातांवर खारं आहे. खोदणाऱ्यांनी एवढंच बजावलं की चुना-दगडाचं बांधकाम नीट ठेवा. ते फुटलं तर बाजूच्या जमिनीतलं खारं पाणी आत येईल.

दोन-तीन वर्षांनी त्या बांधकामात, काठाखाली दोन हातांवर, पिंपळ उगवला.

तो कसा उगवला हे मला पहिल्या दिवशीच कळलं. दिवाळी झाली की भोरड्या येतात. मैनेएवढं पाखरू, डोकं आणि पंख काळे, अंग फिकट गुलाबी, डोक्यावर शेंडी. एकटी कधी नसते. आल्या की हजाराने येतात, वडा-पिंपळाची फळं खातात, ज्वारी निसवली की ज्वारी खातात, आणि पाणी दिसेल तिथे बसून घाण करतात. आमच्या विहिरीच्या रहाटाच्या लाकडावर त्या ओळीने बसतात. खाली काय पडतं ते मी रोज पाहते.

वस्तीने मात्र ते वेगळंच घेतलं. पिंपळ म्हणजे बोधिवृक्ष. बुद्ध ज्याच्याखाली बसले तो. तो आपल्या विहिरीत आपल्या पायाने आला. माझ्या दिराचा मुलगा सुखदेव शाळेत मास्तर आहे. तो म्हणाला, कोणी हात लावायचा नाही. बायका पाणी भरताना पहिली बादली त्या रोपावर ओतू लागल्या. मीही ओतली. विहीर फोडणाऱ्या झाडाला आम्ही चार वर्षं त्याच विहिरीचं पाणी घातलं. आता ते मनगटाएवढं जाड झालं, तीन दगड बाहेर आले, आणि या साली माझी डाळ शिजायला उशीर लागायला लागला. डाळ खोटं बोलत नाही. मी हे सुखदेवला सांगितलं तर तो म्हणाला, तुझ्या चुलीत दम नाही.

मी पिंपळ उपटतच म्हातारी झाले. गावातल्या कोणाच्याही भिंतीत पिंपळ आला की आमच्या घरी सांगावा यायचा. त्यांनी पिंपळ तोडला तर त्यांना पाप. आम्ही तोडला तर पाप नाही, किंवा असलं तर आम्हाला. माझी आई कोयत्याने मूळ कापायची, मी हिंगाची पुडी धरून उभी राहायची. कापलेल्या मुळात हिंग भरला की झाड पुन्हा फुटत नाही. असे किती पिंपळ काढले त्याची मोजदाद नाही. एकदाही मनात काही आलं नाही. आता आमच्या विहिरीतला एक पिंपळ होता आणि माझा हात चालेना. असं का, हे मला त्या वेळी समजलं नाही.

एका लग्नात पाहुण्याकडून कळलं की हिवरखेडच्या आमच्या वस्तीत असंच झालं होतं. तिथल्या उकंडा नावाच्या गवंड्याने विहिरीतला पिंपळ जिवंत काढून पारावर लावला आणि तो जगला. हिवरखेडला माझा भाऊ नामदेव राहतो. वस्तीची बैठक झाली. सुखदेव म्हणाला, "मोठीमाय, तू जाय. तू डोयानं पाहून ये. जगलं म्हनली त आमी हात लावू देऊ."

"आन मेलं म्हनली त?"

"त विहीर गेली तरी चालन."

विहीर गेली तरी चालेल असं ज्याला वाटतं त्याच्या घरचं पाणी त्याची बायको भरते. मी तसं बोललेही. लोक हसले. पण मला पाठवण्याचं कारण वेगळं होतं. मी तोंडाची फटकळ आहे आणि कोणाला बरं वाटावं म्हणून बोलत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या शब्दावर सगळे थांबले होते.

अकोला

बडनेऱ्याहून गाडीने अकोल्याला दुपारी पोचले. हिवरखेडची मोटार उभी होती. मोटारीच्या अड्ड्यावर एक मोठा वड होता आणि त्याच्याखाली सावली चांगली होती, म्हणून मी भाकर खायला बसले. वडाखाली दुसरं कोणी का बसलेलं नाही याचा विचार मी केला नाही.

भाकर निम्मी झाली तेव्हा वरून कलकलाट सुरू झाला. भोरड्या उतरल्या होत्या. पानं दिसेनाशी झाली. त्या वडाची लाल फळं अशी तोडत होत्या की अर्धी खातात, अर्धी टाकतात. एका मिनिटात माझं लुगडं, डोकं, भाकर, सगळं भरलं. मी नळावर गेले. नळावर रांग होती. लुगड्याचा पदर धुऊन आले तोवर मोटार निघून गेली होती.

तिथे बांगड्यांची पेटी घेऊन एक मणियार बसला होता. तो वडापासून चांगला लांब बसला होता. मला पाहून हसला आणि म्हणाला की ज्याच्यावर भोरडी हगते त्याचं काम होतं. मी म्हटलं, माझं काम मोटारीत बसायचं होतं, ते झालं नाही. मग मी त्याला विचारलं, ही पाखरं येतात कुठून?

"मक्क्यावरून येते, माय," तो म्हणाला. "तिकडं खजूर खाते, इकडं जवारी. शाना पाखरू हाय."

त्याने इतक्या खात्रीने सांगितलं की मला पटलं. सुखदेवने मला सांगितलं होतं की ती हिमालयापलीकडून, रशियाकडून येतात. आमच्या गावचे लोक म्हणतात मेळघाटातून येतात. तीन ठिकाणांहून एक पाखरू कसं येईल?

रात्र अकोल्यात आमच्या गावच्या एका बाईकडे काढली. तिच्या घरी भरीत छान झालं होतं. अकोल्याचं भरीत आमच्यापेक्षा तिखट असतं, आणि वांगं भाजताना ते साल फार जाळतात. पण चव येते हे कबूल केलं पाहिजे.

वाटेवर

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार मिळाली. अकोटच्या पुढे उत्तरेला सातपुडा निळा दिसायला लागला. आमच्याकडे चारी बाजूंनी जमीन सपाट. नजर कुठे अडत नाही. इथे एका बाजूला कोणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. मला ते आवडलं नाही. परतताना मात्र तो दिसेनासा झाला तेव्हा मी मागे वळून पाहिलं.

दोन्ही बाजूंना ज्वारी पुरुषभर उंच. कणसं दुधावर आलेली. वावरावावरात चार खांबांचे माळे, माळ्यावर माणूस, माणसाच्या हातात गोफण. एका ठिकाणी मोटार थांबली, कारण ड्रायव्हरला पुढचं दिसेना. भोरड्यांचा थवा रस्त्यावरून वळत होता. धूर वळतो तसा तो वळला, एकदा काळा दिसला, उलटला की गुलाबी दिसला, आणि ज्वारीत पडला. आवाज भजी तळल्यासारखा. गोफणवाल्याने दगड मारला. थवा उठला आणि शेजारच्या वावरात पडला. शेजारच्याने मारला, तो परत पहिल्याच्या वावरात आला. दोघं एकमेकांना शिव्या द्यायला लागले. पाखरांना कोणी शिवी दिली नाही.

माझ्या शेजारी एक शेतकरी बसला होता, डोक्याला पांढरा दुपट्टा. मी विचारलं, किती नुकसान करतात? तो म्हणाला, "लय करतात. पन आल्याबरोबर नाकतोडे बी यायनंच खाल्ले. नाई त जवारी दिसलीच नसती."

"मंग चांगली का वाईट?"

त्याने दुपट्टा सोडून पुन्हा बांधला. मग म्हणाला, "नाकतोडे असले त चांगली."

हिवरखेड

नामदेव माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. तो मोटारीवर घ्यायला आला होता. काल मी येईन म्हणून तो कालही आला होता आणि त्याने ते चार वेळा ऐकवलं. त्याची बायको पारबता चुलीजवळच होती. मी पाय धुऊन बसेपर्यंत तिने तुरीची डाळ टाकली आणि माझं पाणी पिऊन, घरची खुशाली सांगून होते तोवर डाळ शिजली. पळीने मोडून पाहिली. लोणी झाली होती.

"बाई, काय पाहून राह्यली डायीत?" पारबताने विचारलं.

मी म्हटलं, काही नाही. मी जन्मभर जी डाळ रांधली ती डाळ नव्हतीच असं मला वाटलं. इथलं पाणी डोंगराकडून येतं, गोड असतं, आणि लोकांना त्याचं काहीच नाही. पारबताने भांड्यात उरलेलं अर्धं पाणी अंगणात भिरकावलं. मी एकदम उठून उभी राहिले. तिला वाटलं विंचू निघाला.

तिसऱ्या प्रहरी नामदेव मला पारावर घेऊन गेला. वस्तीच्या मध्यभागी दगडी पार, वर चुना, आणि मधोमध पिंपळ. माझ्या खांद्यापर्यंत उंच, पानं हिरवीगार. लोक जमले. एकेकाने सांगायला सुरुवात केली. उकंडाबुढ्याने दोरावर लोंबकळून दगड काढले, मूळ न तोडता झाड वर घेतलं, महिनाभर झाड मान टाकून होतं, सगळी पानं गळली, कोणाला आशा नव्हती, आणि मग एके सकाळी बायका पाणी घालायला गेल्या तर झाड हिरवं. एका म्हातारीने मला त्याचं एक गळलेलं पान दिलं. डोळ्यांना लाव म्हणाली. मी लावलं.

मग मी सवयीने खाली वाकले आणि बुंध्यावरून हात फिरवला.

भिंतीतल्या पिंपळाला कोपर असतं. दगडांच्या फटीतून तो आडवा बाहेर येतो आणि मग उजेडाकडे वर वळतो. जिथे वळतो तिथे कोपर पडतं. दगडांनी दाबून त्याचं मूळ भाकरीसारखं चपटं होतं. पुढे झाड कुठेही लावा, ते कोपर जात नाही. मी शेकड्यांनी कापली आहेत. या पिंपळाला कोपर नव्हतं. तो जमिनीतून सरळ वर आला होता, काठीसारखा.

मी दोनदा हात फिरवला. नामदेव म्हणाला, "काय झालं, बाई?"

मी म्हटलं, कंबर धरली.

त्या रात्री मी अंबाडीची भाजी आणि अर्धीच भाकर खाल्ली आणि जाऊन पडले. पारबताला वाटलं तिच्या भाजीत काही चुकलं. खरं म्हणजे भाजी चांगली होती. माझ्या डोक्यात काही जागेवर बसत नव्हतं. पंधरा लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं मला सांगितलं होतं. ते खोटं बोलत नव्हते, हे दिसत होतं. माझा हातही खोटं बोलत नव्हता.

माळ्यावर

उकंडाबुढा हिवाळ्यात गवंडीकाम करत नाही. एका शेतकऱ्याच्या ज्वारीची राखण करतो. सकाळी मी एकटीच त्या वावरात गेले. तो माळ्यावर बसला होता. माझ्याहून मोठा, दात दोन-तीन, पण गोफणीचा हात तरण्या माणसाचा. मी खालून ओरडून सांगितलं की मी नामदेवची बहीण, भातकुलीकडून झाडासाठी आले आहे.

"वर ये," तो म्हणाला.

माळ्याची शिडी म्हणजे दोन बांबू आणि चार आडव्या काठ्या. तिसऱ्या काठीवर लुगडं अडकलं आणि मी तिथेच अडकून राहिले, वर जाता येईना, खाली येता येईना. तो वरून पाहत होता. म्हणाला, "विहिरीत उतरशीन का अशी?" मग स्वतःच खाली आला, मला सोडवलं, आणि आम्ही खालीच बसलो. त्याने गवऱ्यांची आगटी पेटवून कणसं भाजली, हातावर चोळून हुरडा काढला. तिळाची चटणी त्याच्याजवळ कागदात होती. आमच्याकडे हुरड्याला गूळ देतात. त्याला ते ऐकून किळस आली.

वावराच्या बांधाला एक म्हातारा वड होता. भोरड्या त्याच्यावर होत्या, म्हणून ज्वारीला थोडा वेळ आराम होता. पहिला हुरडा खाऊन झाल्यावर मी म्हटलं, "पारावरच्या पिंपयाले कोपर नाई."

त्याचा हात थांबला. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं.

"तू पिंपय काढनाऱ्या घरची का?"

मी हो म्हटलं. त्याने आगटीत आणखी एक कणीस ठेवलं. मग त्याने सांगितलं. पहिलं झाड मेलं होतं. काढताना मूळ कापावंच लागलं, आणि महिन्याभरात ते आतून वाळलं. लोक रोज पाणी घालायचे, रोज त्याच्याकडे पाहायचे, आणि त्याला कोणी काही विचारलं नाही पण विचारल्यासारखं पाहायचे. नाल्याच्या काठी तसाच एक पिंपळ उगवलेला त्याला ठाऊक होता. एके पहाटे त्याने वाळलेला काढला आणि तो लावला. बायका पाणी घालायला आल्या तेव्हा झाड हिरवं होतं.

"मी कोनाले खोटं बोललो नाई," तो म्हणाला. "कोनं मले विचारलंच नाई."

"लोकायले सांगाचं होतं. मेलं म्हनून."

"मंग दुसरं लावू देल्लं असतं? त्यायले तेच पायजे होतं."

तो उठला, मला वडाखाली घेऊन गेला आणि बांधावरचा एक सपाट दगड दाखवला. दगडावर पाखरांची घाण वाळून पांढरी झाली होती. त्यात मोहरीपेक्षा बारीक बी होतं, इतकं की दगड खरखरीत लागत होता. वडाचं होतं का पिंपळाचं, त्यालाही सांगता येईना. म्हणाला, दोन्हीचं असेल. झाडाखाली पडलेलं बी सहसा उगवत नाही, पाखराच्या पोटातून गेलेलं उगवतं, दगडातही उगवतं. मी विचारलं, ही पाखरं खातात कुठला पिंपळ? तो म्हणाला, दिसेल तो. इथे मारुतीच्या देवळाचा आहे, पाटलाच्या मळ्यातला आहे.

माझ्या लक्षात आलं की आमच्या गावातही फळावर येणारा मोठा पिंपळ एकच आहे, मारुतीच्या पारावरचा. त्या पाराला आम्हाला लहानपणी शिवू देत नसत. आमचा बोधिवृक्ष त्याचंच पोर. मी हे उकंडाबुढ्याला सांगितलं. त्याने विचार केला आणि म्हणाला की हे तू गावात सांगू नको, दोन्हीकडचे मारतील.

मी त्यालाही विचारलं, पाखरं येतात कुठून? तो म्हणाला, येत-जात काही नाहीत. डोंगरातल्या कपारींत झोपतात, ज्वारी आली की उठतात.

"पन सांगा," मी म्हटलं, "आमचं झाड काहाडलं त जगन का?"

"विहीर जगन," तो म्हणाला. "झाडाचं मले ठाव नाई. मी दगड काहाडून देतो, बांधकाम करून देतो. मूळ तुमी कापाचं. मी एकडाव कापलं, आता नाई कापत."

तेवढ्यात वडावरच्या भोरड्या एकदम उठल्या. तो ओरडत माळ्याकडे धावला आणि माझा हुरडा आगटीत जळून गेला.

परत

राखणीला दुसरा माणूस बसवून उकंडाबुढा माझ्याबरोबर आला. पूर्ण वाटेत आम्ही चार वाक्यं बोललो असू. अकोल्याला त्या वडाखाली तो बसायला निघाला, मी त्याला दंडाला धरून लांब नेलं. मणियार तिथेच होता. माझं काम झालं का असं त्याने विचारलं. मी उकंडाबुढ्याला घेऊन गाडीकडे निघाले.

मी वाटेत ठरवलं होतं की सरळ सांगायचं. हिवरखेडचं झाड मेलं, लोकांना ठाऊक नाही, आपलंही मरेल, पण विहीर वाचेल. एवढंच. मला कधी बोलायला जड गेलेलं नाही.

वस्ती विहिरीजवळ जमली होती. मी आधी घरी जाऊन घडा घेतला, पाणी काढलं, प्याले. पाच दिवस हिवरखेडचं आणि वाटेतलं पाणी पिऊन आले होते म्हणून जास्त कळलं. खारट होतं. थोडं, पण होतं. इथल्या कोणाला ते कळत नव्हतं, कारण ते रोज थोडं थोडं होत गेलं होतं.

सुखदेव पुढे आला. "मोठीमाय, जगलं न हिवरखेडचं?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. उकंडाबुढा जमिनीकडे पाहत होता. मी नाही म्हटलं असतं तर सुखदेवने विहिरीला हात लावू दिला नसता आणि दोन वर्षांत आम्ही पुन्हा गावच्या विहिरीखाली घडा ठेवून बसलो असतो.

"पारावर पिंपय हाय," मी म्हटलं. "मी हात लावून पाह्यला. हिरवा हाय."

यातला एकही शब्द खोटा नाही. मी आयुष्यात इतकं खरं बोलून इतकं खोटं कधी बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम झालं. उकंडाबुढ्याने एक-एक दगड सुटा करून वर दिला. झाडाला हे एवढं कोपर होतं. मूळ चपटं होऊन मागच्या मातीत हातभर गेलं होतं. मला कमरेला दोर बांधून खाली सोडलं. दोन हात खोल, जास्त नाही, पण माझ्या वयाला पुष्कळ. मी कोयत्याने मूळ कापलं. एका घावात कापलं गेलं नाही, तीन घाव लागले. मग हिंगाची पुडी हातात होती. मी ती थोडा वेळ धरून राहिले. सुखदेव वरून म्हणाला, हे काय आहे? मी म्हटलं, मुळाचं औषध आहे. कापून राहिलेल्या मुळात भरली आणि वर आले.

झाड वस्तीतल्या बुद्धविहारासमोर लावलं. उकंडाबुढ्याने बांधकाम केलं, तीन दिवस राहिला, आणि जाताना माझ्या कानाशी म्हणाला, वाळलं तर गुपचूप सांगावा पाठव, दुसरं पाहून ठेवतो.

पाणी माघापर्यंत पुन्हा गोड झालं. झाडाची पानं गळली. लोक म्हणाले, हिवरखेडचीही गळली होती. फाल्गुनात मी नखाने साल खरवडून पाहिली, आत तपकिरी होतं. लोक म्हणाले, फाल्गुनात सगळ्याच पिंपळांची पानं गळतात. तेही खरं होतं. मला स्वतःला शंका आली. चैत्रात मारुतीच्या पिंपळाला तांबूस पालवी आली. भोरड्या तेव्हा जायच्या तयारीत होत्या, सगळ्या अंगाने चकचकीत झालेल्या. आमची काठी तशीच राहिली. लोक तिला सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होते आणि माझ्याकडे पाहत होते. उकंडाबुढ्याला काय वाटलं असेल ते मला कळलं. ते पाहणं सहन होत नाही.

त्या आठवड्यात पाणी काढताना मला विहिरीच्या दुसऱ्या अंगाला, रहाटाच्या लाकडाखाली, दोन पानांचं रोप दिसलं. नखाएवढं. अजून कोणी पाहिलं नव्हतं. हिवरखेडला सांगावा पाठवायची गरजच नव्हती. हे वाढू दिलं असतं आणि एखाद्या पहाटे नेऊन लावलं असतं तर झालं असतं. मी दोन दिवस येता-जाता त्याच्याकडे पाहिलं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी, बायका पाण्यावर असताना, मी ते फटीतून अलगद काढलं, नारळाच्या करवंटीत माती घालून लावलं आणि विहारासमोर घेऊन गेले. सुखदेव शाळेतून येत होता. त्याच्यासमोर वाळलेली काठी उपटली. मूळ हातात मोडलं.

"हे मेलं," मी म्हटलं. "मी कापलं म्हनून मेलं. हे दुसरं हाय. पाखरायनं आनलं."

तो करवंटीतल्या दोन पानांकडे पाहत राहिला. मास्तर असला तरी हुशार आहे. त्याने विचारलं, "मोठीमाय, हिवरखेडचं बी असंच दुसरं हाय न?"

"ते हिवरखेडवाल्यायले विचार," मी म्हटलं.

त्याने विचारलं नाही. तो माझ्याशी तीन दिवस बोलला नाही. पण त्या संध्याकाळी करवंटीतली माती ओली होती आणि मी पाणी घातलं नव्हतं.

हे लिहायच्या आधी मी उकंडाबुढ्याला निरोप पाठवून विचारलं, लिहू का? त्याचं उत्तर आलं की खुशाल लिही, वाचणाऱ्याला वाटेल बुढी फेकते. पाखरं कुठून येतात ते मला अजून कळलेलं नाही. रोप सध्या विताएवढं आहे. मी त्याला थोडं वाकवून पाहिलं. करवंटीत सरळ वाढलं आहे, कोपर नाही.